नावापुरते संचालक



स्मृती व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास किंवा समाजकारण यांवर बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. तिथे कंपनी कायद्यातल्या ओळख पडताळणीचा विषय घेतला, तर हे मुंबईच्या नरिमन पॉइंटला बोलायचे, अलोऱ्यात कशाला, असे कोणाच्याही मनात येईल. अलोरे महाराष्ट्राला माहीत झाले ते कोयनेमुळे. कोळकेवाडीचे धरण, पोफळीचे डोंगराच्या पोटातले वीजगृह, इथली वसाहत, या सगळ्यांचा मालक कोण, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही, कारण मालक सरकार होते आणि सरकारला केवायसी करावी लागत नाही. पण त्यानंतरच्या पिढीने जे उभे केले ते वेगळे आहे. चिपळूणकडे जाताना गाणे-खडपोलीची औद्योगिक वसाहत लागते, पलीकडे खेड तालुक्यात लोटे परशुराम आहे, आणि गेल्या काही वर्षांत काजू, आंबा, भात, कोकम यांच्यासाठी शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. उत्पादक कंपनीला कायद्याने किमान 5 संचालक लागतात. म्हणजे अशी एक कंपनी निघाली की गावातली पाच माणसे, बहुतेक वेळा कंपनी कायद्याशी ज्यांचा कधी संबंध आला नाही अशी, एका रात्रीत ‘डायरेक्टर’ होतात. या माणसांना ओळख पडताळणीच्या नव्या नियमांची तयारी कशी करावी हे सांगण्यापूर्वी ते नियम नेमके काय शोधत आहेत, हे पाहायला हवे. तयारीचा अर्थ आपण कागद गोळा करणे इतकाच घेतो, आणि माझ्या मते इथेच आपली गफलत होते.

थोडा इतिहास. 1990 च्या दशकात शेअर बाजारात भांडवल गोळा करून गायब झालेल्या कंपन्यांचा शोध सुरू झाला तेव्हा लक्षात आले, की कंपनीचा पत्ता खोटा आहे आणि संचालकाच्या नावावरून माणूस सापडत नाही. एकाच नावाचे दहा जण, आणि एकाच माणसाची चार स्पेलिंगे. त्यावर उपाय म्हणून 2006 च्या दुरुस्तीने संचालक ओळख क्रमांक, म्हणजे आपण ज्याला ‘डिन’ म्हणतो तो आठ आकडी क्रमांक आला. एका माणसाला आयुष्यभर एकच डिन. दोन घेणे गुन्हा. पुढे नोटाबंदीनंतर, 2017 मध्ये, केंद्र सरकारने वर्षानुवर्षे हिशेब न भरणाऱ्या कंपन्यांवर हात घातला. सुमारे 2 लाख 26 हजार कंपन्यांची नावे कंपनी निबंधकाच्या नोंदवहीतून काढली गेली आणि 3 लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. सलग तीन वर्षे ताळेबंद किंवा वार्षिक विवरण न भरणाऱ्या कंपनीचा संचालक पाच वर्षे अपात्र, हे कंपनी कायद्याच्या कलम 164 मध्ये आधीपासूनच होते. ते पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर लागू झाले. त्यानंतर 2018 च्या जुलैत डिर-3 केवायसी आली. प्रत्येक डिनधारकाने दरवर्षी स्वतःचा मोबाइल, ईमेल आणि पत्ता निबंधकाला कळवायचा, नाही कळवला तर डिन बंद आणि तो पुन्हा चालू करायला 5000 रुपये. 2019 मध्ये तर कंपनीलाही तोंड दाखवावे लागले. ‘ॲक्टिव्ह’ नावाच्या अर्जासोबत नोंदणीकृत कार्यालयाच्या इमारतीचा बाहेरून एक फोटो आणि आत बसलेल्या संचालकाचा एक फोटो जोडायचा होता. सरकारच्या सगळ्या फॉर्मांत मला हा सर्वात प्रामाणिक वाटतो. त्याने सरळ विचारले, की तुम्ही आहात तरी का?

आता 2025 च्या अखेरीस या नियमांत मोठा बदल झाला. दरवर्षीची केवायसी गेली. 31 मार्च 2026 पासून ती तीन आर्थिक वर्षांतून एकदा करायची आहे, त्या तिसऱ्या वर्षानंतरच्या 30 जूनपर्यंत. मात्र मोबाइल, ईमेल किंवा राहण्याचा पत्ता बदलला तर 30 दिवसांत कळवायचे. याच्याच जोडीला दुसरा धागा आहे, कलम 90 चा. कंपनीचा 10 टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा, कोणाच्या आडून किंवा आडचा आणि थेट मिळून, ज्याच्या हातात आहे, किंवा ज्याचा कंपनीवर लक्षणीय प्रभाव आहे, त्याने स्वतःला जाहीर करायचे आणि कंपनीने ते निबंधकाला कळवायचे. हे नियम 2018 मध्ये आले आणि 2019 च्या फेब्रुवारीत सुधारले गेले. इंग्लंडने याच सुमारास आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथल्या 2023 च्या कायद्यानुसार 18 नोव्हेंबर 2025 पासून नवीन संचालकाला ओळख पडताळून घेतल्याशिवाय कंपनीत येता येत नाही, आणि जुन्या संचालकांना व खऱ्या मालकांना वर्षभरात ती करून घ्यायची आहे. पडताळणी झाली की माणसाला 11 अक्षर-अंकांचा वैयक्तिक कोड मिळतो. संचालक कुठेही राहत असो, नियम सुटत नाही. लंडनला आयटीत काम करणाऱ्या भाच्याने स्वतःची छोटी कंपनी काढून रत्नागिरीतल्या मामाला संचालक केले असेल, तर तो मामाही या जाळ्यात येतो.

वरवर पाहता हे सगळे एकाच गोष्टीबद्दल आहे. पण नीट पाहिले तर इथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसतात. हा माणूस खरोखर अस्तित्वात आहे का? अस्तित्वात असेल तर आपण संचालक आहोत हे त्याला माहीत आहे का आणि ते त्याला मान्य आहे का? आणि कंपनी मुळात कोणाची आहे? पहिला प्रश्न यंत्राला सोडवता येतो. आधार, पॅन, ओटीपी, व्हिडिओ घेऊन दिलेली डिजिटल सही, एवढ्यावर तो सुटतो आणि दर वर्षी अधिक चांगला सुटत जातो. तिसरा प्रश्न अवघड आहे, पण त्याला निदान स्वतःचे कलम आहे, फॉर्म आहेत, दंड आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही. आणि आज होणारी लबाडी बहुतेक तिथूनच आत शिरते, हे माझे म्हणणे आहे.

इंग्लंडचेच उदाहरण घ्या. 2013 मध्ये तिथल्या एका उद्योजकाने त्या वेळचे व्यापारमंत्री व्हिन्स केबल यांच्या नावाने, त्यांना न विचारता, कंपनी नोंदवून दाखवली. नोंदणी किती पोकळ आहे हे त्याला सिद्ध करायचे होते, आणि त्याने ते स्वतःहून कळवलेही. 2018 मध्ये खटला भरला गेला तो त्याच्यावरच, आणि दंड व खर्च मिळून 12 हजार पौंडांहून अधिक रक्कम त्याला भरावी लागली. खोटी माहिती देणाऱ्यावर तिथे चाललेला तो पहिला यशस्वी खटला होता, ही त्यातली गंमत. नव्या पडताळणीने हे दार बंद होईल यात शंका नाही. मंत्र्याच्या नावाने कोणी कंपनी काढू शकणार नाही. पण आपल्याकडे 2022 मध्ये गंभीर घोटाळे तपास कार्यालयाने जिलियन नावाच्या गुरुग्रामच्या कंपनीशी संबंधित ज्या प्रकरणात अटक केली, त्यात चिनी मंडळींच्या कंपन्यांना भारतीय नावे पुरवल्याचा, म्हणजे डमी संचालक बसवल्याचा आरोप होता. ही नावे बनावट नव्हती. जिवंत माणसांची होती, त्यांच्याकडे आधार होते, पॅन होते. पहिल्या प्रश्नाच्या परीक्षेत असा माणूस शंभर टक्के गुणांनी पास होतो. फोटो त्याचा, अंगठा त्याचा, ओटीपी त्याच्याच फोनवर आलेला. फक्त कंपनी त्याची नसते.

कोकणाला हा प्रकार नवा वाटायचे कारण नाही. कागदावरचे नाव एक आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची, यावर या जिल्ह्याचे अर्धे दिवाणी कामकाज चालत आले आहे. 1937 च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले ते याच भागासाठी. खोती प्रत्यक्षात गेली ती 1949 च्या कायद्याने. पुढे कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवला आणि त्या दिवशी जमीन कसणारा तिचा मालक मानला जाईल असे सांगितले. कागदावरच्या नावाच्या मागे जाऊन खरा माणूस कोण ते शोधण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. आजच्या, कलम 90 मधल्या, ‘लाभार्थी मालक’ या कल्पनेचा तो मराठी मुलखातला पूर्वज म्हणावा लागेल. त्याचे यश-अपयश पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते. ज्या कुळाचे नाव पीकपाहणीत आले होते किंवा ज्याच्याकडे खंडाची पावती होती, त्याला जमीन मिळाली. ज्याचे सगळे तोंडी होते, त्याच्या वाट्याला कोर्टाच्या फेऱ्या आल्या. म्हणजे मागचा माणूस स्वतः पुढे यायला धडपडत होता, तरी कायद्याला तो शोधून काढणे जड गेले. कंपनीत नेमके उलटे असते. इथे मागच्या माणसाला पुढे यायचेच नसते; त्याने सगळी रचनाच न दिसण्यासाठी केलेली असते. तो आहे, हे सांगू शकणारा माणूस एकच, ज्याचे नाव पुढे लावलेले आहे तो. त्यामुळे पडताळणीचा सगळा भार आपोआप त्या पुढच्या माणसावर येतो. त्याला आपण कशावर सही केली हे समजले नसेल, तर निबंधकाच्या संगणकाने कितीही काटेकोर तपासणी केली तरी तिच्यातून काही निष्पन्न होत नाही.

प्रत्यक्षात काय चालते ते पाहू. केवायसीच्या नियमाप्रमाणे संचालकाचा मोबाइल आणि ईमेल त्याचा स्वतःचा हवा. एका डिनला दिलेला क्रमांक दुसऱ्या डिनला चालत नाही. गावातल्या संचालकाचा ईमेल बहुधा चिपळूणच्या किंवा मुंबईच्या सल्लागाराच्या कार्यालयात तयार होतो आणि त्याचा पासवर्डही तिथेच राहतो. डिजिटल सहीचे टोकन, ते यूएसबीसारखे छोटे उपकरण, कार्यालयाच्या कपाटात दहा-वीस टोकनांच्या गठ्ठ्यात पडलेले असते आणि त्याचा पिन टोकनाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. केवायसीची मुदत जवळ आली की फोन येतो, ‘दादा, एक नंबर आला असेल, जरा सांगा.’ दादा नंबर सांगतात. काम झाले. कागदोपत्री त्या क्षणी दादांनी शपथेवर स्वतःची ओळख पटवली. प्रत्यक्षात त्यांनी आपली सही कोऱ्या कागदावर दिली. यात सल्लागाराची लबाडी असतेच असे नाही. बहुतेक वेळा ती दोघांची सोय असते. पण 2017 मध्ये अपात्र ठरलेल्या 3 लाखांत ज्यांनी नंतर ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे सांगितले, त्यांची सुरुवातही अशाच सोयीतून झाली होती.

कागदांच्या बाबतीतला आपला खास मराठी घोटाळाही इथेच सांगून टाकतो. केवायसीचा फॉर्म संचालकाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख पॅनशी जुळवून पाहतो. लग्न झालेल्या स्त्रीच्या बाबतीतही त्याला वडिलांचेच नाव लागते, पतीचे नाही. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीच्या नावाच्या मध्ये पतीचे नाव येते आणि आडनाव बदलते. शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, बचत गटाचे खाते, सगळीकडे तेच. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, शाळेचा दाखला तिसऱ्याच वळणाचा. त्यात ‘सावंत’ आणि ‘चव्हाण’ यांची इंग्रजी स्पेलिंगे प्रत्येक कार्यालयाने आपापल्या मर्जीने लिहिलेली. राज्य सरकारने 2024 मध्ये 1 मे पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांवर आईचे नाव आवश्यक केले. त्या पिढीचे भले होवो, पण आज उत्पादक कंपनीत संचालक असलेल्या पन्नाशीतल्या बाईंची अडचण त्याने सुटत नाही. शेवटी ही सगळी दुरुस्ती करण्यापेक्षा ‘तुम्ही राहू द्या, आम्ही बघतो’ म्हणून तिचा कारभार दुसरेच कोणी पाहू लागते, आणि ती नावापुरती उरते. चिपळूणच्या बाजारपेठेने 22 जुलै 2021 च्या पुरात दुकाने आणि कार्यालयांतली कागदपत्रे चिखलात गेलेली पाहिली आहेत. तेव्हापासून कागद जपण्याचे महत्त्व इथे कोणाला सांगावे लागत नाही. पण कागद जपणे आणि त्यातला अर्थ माहीत असणे यांत अंतर आहे.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप छोट्या उद्योजकाचा. आधीच जीएसटी, टीडीएस, प्रदूषण मंडळ, कामगार कायदे. त्यात आणखी एक केवायसी कशाला? अमेरिकेने हाच आक्षेप मान्य केला. तिथल्या काँग्रेसने 2021 मध्ये मालकी जाहीर करण्याचा कायदा केला, 2024 पासून तो लागू झाला, आणि 2025 च्या मार्चमध्ये सरकारने देशी कंपन्यांना त्यातून सरसकट मोकळे केले. आपल्या सरकारने मधला मार्ग काढला आणि दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा केले. मला हे योग्य वाटते, पण त्यात एक धोका आहे. दरवर्षीची गोष्ट सवयीने होते. तीन वर्षांनी येणारी विसरली जाते, आणि मध्येच फोन बदलला तर 30 दिवसांची मुदत कोण लक्षात ठेवणार? दंडाच्या बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मुदत चुकल्यास आजवर 5000 रुपये लागत आले आहेत, मग चूक दलाल स्ट्रीटवरच्या उद्योगपतीची असो वा काजू उत्पादक शेतकऱ्याची. एकाला ती रक्कम दिसतही नाही आणि दुसऱ्याचा महिनाभराचा घरखर्च जातो. कंपनीच्या उलाढालीप्रमाणे हा दंड बदलायला हवा, आणि उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना पहिली चूक माफ असावी. तेवढे केल्याने पडताळणीचे काही बिघडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त कडवा आहे: हे सगळे गरिबांसाठी, बडे सुटतात. यात तथ्य आहे, पण अर्धेच. 2024 च्या मेमध्ये दिल्लीच्या कंपनी निबंधकांनी लिंक्डइनच्या भारतीय कंपनीच्या प्रकरणात मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नाडेला यांनाच त्या कंपनीचे लक्षणीय लाभार्थी मालक ठरवले आणि ते जाहीर न केल्याबद्दल सगळ्यांना मिळून सुमारे 27 लाखांचा दंड केला. रक्कम त्यांच्या दृष्टीने चहापाण्याची आहे, आणि नाडेला तिथे पगारी प्रमुख आहेत, मालक कसले, असा वादही त्यावर झाला. पण निबंधकांनी कागदाच्या मागे कोण आहे याचा माग काढत काढत वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडपर्यंत धाव घेतली, हे महत्त्वाचे. मोठ्यांपर्यंत पोचण्याचे साधन आहे. ते वापरले जात नाही ही तक्रार रास्त आहे. ते नसावे, हा मात्र त्या तक्रारीचा निष्कर्ष होऊ शकत नाही. उलट लहान कंपन्यांतला नावापुरता संचालक हीच मोठ्यांच्या लपण्याची जागा असते. ड्रायव्हर, शिपाई, नात्यातला म्हातारा माणूस, घरात काम करणाऱ्या बाई यांची नावे अशा कंपन्यांत का सापडतात? कारण ते गरीब आहेत आणि सही द्यायला नाही म्हणू शकत नाहीत. म्हणून ‘आम्ही गरीब, आमच्या मागे कशाला’ या आक्षेपाला उत्तर असे, की मागे लागणारे फक्त सरकार नाही. नाव वापरणारेही तुमच्याच मागे आहेत.

तिसरा आक्षेप खाजगीपणाचा. आपला पत्ता, आपली मालकी उघडी करायची आणि ती कोणी विकली किंवा वापरली तर? युरोपच्या न्यायालयाने 22 नोव्हेंबर 2022 च्या निकालात मालकीची नोंद सरसकट सर्वांना पाहू देणे खाजगीपणाच्या हक्काच्या विरुद्ध ठरवले, आणि अनेक देशांनी ती सार्वजनिक नोंद झाकली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहेच. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, फक्त त्याची दिशा बदलायला हवी. संचालकाचा मोबाइल जगाला दिसू नये, हे बरोबर. पण कंपनी काढणे म्हणजे मर्यादित जबाबदारीचे कवच घेणे. कंपनी बुडाली तर तिच्या घेणेकऱ्यांनी तुमच्या घरावर हात टाकायचा नाही, हा समाजाने दिलेला विशेष अधिकार आहे. त्याच्या बदल्यात तुम्ही कोण आहात एवढे सांगणे फार मोठी किंमत नाही. ज्याला ती द्यायची नसेल त्याला भागीदारी किंवा स्वतःच्या नावाचा व्यवसाय खुला आहे.

आता तयारीकडे येतो, कारण इथे बसलेल्यांपैकी काहींच्या खिशात डिन असणार. प्रत्येक संचालकाने कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावापुढे कोणत्या कंपन्या दिसतात हे एकदा स्वतः पाहावे. घरातल्या मुलाला पाहायला सांगितले तरी चालेल, पण शेजारी बसून. अनोळखी कंपनी दिसली तर दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार करावी, कारण जितका उशीर तितके ‘तुम्हाला माहीत होते’ असे म्हणणे समोरच्याला सोपे जाते. डिजिटल सहीचे टोकन स्वतःच्या घरी ठेवावे, सल्लागाराला फॉर्म तयार करू द्यावा, पण सही स्वतः समोर बसून करावी. पोफळी-अलोऱ्याच्या डोंगरात रेंज जाते, ओटीपी वेळेत येत नाही, हे खरे आहे. मग चिपळूणला जाऊन अर्धा तास खर्च करावा. ओटीपी फोनवर सांगू नये, हे बँकेच्या बाबतीत आपण आता शिकलो आहोत, तेच इथे. आणि ज्याला संचालक राहायचे नाही त्याने राजीनामा देऊन गप्प बसू नये. कंपनीने कळवले नाही तर कायद्याने त्याला स्वतः डिर-11 भरून निबंधकाला कळवता येते. कितीतरी माणसे राजीनामा दिल्यावरही वर्षानुवर्षे कागदावर संचालक राहतात, ती केवळ हा एक फॉर्म कोणी न भरल्यामुळे.

उत्पादक कंपन्यांबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे, कारण तिथला प्रश्न जास्त खोल आहे. 2020 मध्ये देशात 10 हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना आली आणि ठरलेल्या मुदतीत आकडा गाठायचा म्हणून अनेक ठिकाणी आधी कागद आणि मग शेतकरी असा उलटा क्रम झाला. पाच संचालक हवेत म्हणून पाच नावे जमवली गेली. या पाचांत दोघे कंपनीचा कारभार करतात आणि तिघांना सभेचे निमंत्रणसुद्धा येत नाही, असे चित्र असेल तर ओळख पडताळणी केली तरी त्या तिघांची अवस्था सुधारत नाही. उलट त्यांची जबाबदारी अधिक पक्की होते. म्हणून अशा कंपन्यांनी वर्षाच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक संचालकाने स्वतःच्या तोंडाने वर्षभराचे काम सांगावे, अशी प्रथा पाडावी. कायद्यात ती नाही, पण सभासदांना ठराव करून ती सुरू करायला कोणी अडवलेले नाही. ज्याला सांगण्यासारखे काही नसेल त्याने पद सोडावे.

आणि एक गुंता, ज्याचे उत्तर कलम 90 मध्ये आहे, पण वापर नाही. उत्पादक कंपनीत वैयक्तिक सभासदाला, शेअर कितीही असले, तरी एकच मत असते. त्यामुळे 10 टक्क्यांचा मालक तिथे सहसा सापडणार नाही, आणि सगळे म्हणतात, आम्हाला हा नियम लागू नाही. पण समजा कंपनीला हंगामापूर्वी काजू बी खरेदीसाठी आगाऊ पैसे एकच व्यापारी देतो, माल त्यालाच जातो, भाव तोच ठरवतो, आणि बँकेतला कागदही त्याच्या माणसाच्या सांगण्यावरून हलतो. त्याचा एकही शेअर नाही. तरी कलम 90 च्या ‘लक्षणीय प्रभाव किंवा नियंत्रण’ या शब्दांत तो येतो का? माझ्या मते येऊ शकतो, आणि तो यायला हवा. हे ठरवणे निबंधकाच्या हातात आहे, पण त्याच्यापर्यंत माहिती जाण्याची वाट पुन्हा त्या पाच संचालकांतूनच जाते. व्यापाऱ्याशी उघड वैर घेऊन हंगाम घालवण्याची त्यांची तयारी नसेल, तर किमान त्याच्याशी झालेला करार, त्यातला भाव आणि आगाऊ रक्कम हे सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवता येते. इतिवृत्त जपून ठेवण्याचे बंधन कायद्याने आधीच घातलेले आहे, आणि ते मागण्याचा अधिकार निबंधकाला आहे.